मोदकाच्या शेंड्या टाकून गेलेली पाहुणी

आधीच सांगून ठेवते — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. कॉलेजात असताना पैजेखातर अमावस्येला स्मशानाच्या भिंतीवर बसून तर्री-पोहे हाणलेली बाई आहे मी. वर तर्री कमी पडली म्हणून भांडले होते! एरवी मी थोडं वाढवून सांगते, कबूल... पण या गोष्टीत वाढवायला जागाच नाही.

मी नागपूरच्या प्रताप नगरची. चार वर्षांपासून जॉर्जियात — अमेरिकेतल्या नव्हे, रशियाच्या खाली तो चिमुकला देश आहे ना, तिथे — तेलावी नावाच्या गावात शाळेत इंग्रजी शिकवते. काय सांगू त्या नोकरीचं सुख! कॉरिडॉरमध्ये पाय ठेवला की "मस! मस!" म्हणजे "बाई! बाई!" करत कार्टी अशी गळ्यात पडतात की मागे भिंत आहे म्हणून मी उभी आहे. हिवाळ्यात माझ्या टेबलावर इतके अक्रोड जमतात की हजेरी घ्यायला जागा उरत नाही. सहावीला मी थोडं नागपूरही शिकवलंय. होमवर्क दिला की अख्खा वर्ग एका सुरात — "काहून बे?" मुख्याध्यापिकाबाईंना ते अस्सल लंडनचं इंग्रजी वाटतं. मीही काही बोललेली नाही.

राहते मनानाकडे. ही माझी घरमालकीण — सत्तरीची विधवा, काळा झगा, पुढचा एक दात सोन्याचा आणि आवाज असा की डोंगरावरचा बर्फ खाली यावा. मी ओल्या केसांनी शाळेत निघाले की टॉवेल घेऊन फाटकापर्यंत शिव्या घालत धावते. रविवारी खिंकाली करते. खिंकाली म्हणजे आपल्या मोदकाचा थोरला भाऊ, फक्त आत मांसाचा रस्सा. शेंडी चिमटीत धरून खायची आणि शेंडी ताटातच ठेवायची, अशी तिकडची रीत. पहिल्या रविवारी मी शेंडीही खाल्ली, तर मनाना खुर्चीतून पडेस्तोवर हसली.

यातलं अक्षर मी घरी बोलले नव्हते. आई शुद्ध शाकाहारी. खिंकालीचं नाव काढलं असतं तर मला अंगणात जेवायला वाढलं असतं. आणि ओल्या केसांचं सांगून स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेणार? तसंही तिला तिकडचं काही ऐकायचंच नसायचं. मोबाइलवर फोटो दाखवायला गेले की तोंड फिरवायची.

या वर्षी सुट्टीत आले तर तिने हट्टच धरला. "आता जायाचं नाही. तापानं फणफणली तं कोण पाहीन तुले तिथं?" बाबा गेल्यापासून ती एकटी. रोज तेच. शेवटी मी हरले. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिकीट रद्द करायला रामदासपेठेत ट्रॅव्हल एजंटकडे गेले. रडतच गेले. तो नेमका जेवायला गेलेला. पोऱ्या म्हणाला, पाचला या. म्हणून घरी परतले.

आई दारातच उभी. "काहून वं, पाहुणी येणार होती तं सांगाले काय झालं होतं?"

"कोण पाहुणी?"

"तुही घरवाली! तिथली! दर्शनाले आली. काळा झगा, सोन्याचा दात. जेवली, बसली, माहे गाल ओढले अन् गेली. आत्ता गेली. पण एवढी मोठी बाई... अन्न टाकते का कोणी?"

तिने ताट दाखवलं. उकडीच्या मोदकांच्या शेंड्या, ताटाच्या कडेला ओळीने मांडलेल्या. प्रत्येक शेंडी दातांनी नीट कुरतडून सोडलेली, अगदी रविवारसारखी.

बाहेर अंगाची लाही होत होती. मला मात्र स्वेटर हवासा वाटला.

मोबाइलवर मनानाचा फोटो शोधून आईसमोर धरला. आई या वेळी तोंड न फिरवता म्हणाली, "हेच तं! फोटोत बारीक दिसते."

तिथल्या तिथे तेलावीला व्हिडिओ कॉल लावला. मनाना अंगणात, कोपरापर्यंत द्राक्षांच्या रसाने जांभळी. सकाळपासून इथेच आहे म्हणाली. शेजारीणही मागून हात हलवत होती. "पण आज जेवण जाईना गं," मनाना म्हणाली, "पोट भरल्यासारखं वाटतंय, गोडाची ढेकर येते."

फोन ठेवून मी आईला विचारलं, "तुले तिची भाषा कशी समजली?"

"ती तिच्या भाषेत बोलून राहिली, मी माह्या. त्यात काय समजाचं?" मग माझ्या वेणीला हिसका देत म्हणाली, "थंडीत ओल्या केसानं शाळेत जातं म्हणे तू! टावेल घेऊन धावा लागते बिचारीले!"



आई ताट उचलून आत गेली. नळ सोडला, भांडी घासता घासता पाठमोरीच बोलली, "मले वाटे, तिथं तुले रागवाले कोणी नाही. हे बाई तं माह्यापेक्षा खमकी हाय. जाय तू. तिकीट रद्द कराले जाऊ नको त्या एजंटकडे."

मी गल्लीभर विचारलं. कोणी विदेशी बाई पाहिली नव्हती. एकाने पर्यटक असेल म्हटलं. प्रताप नगरात पर्यटक! आईच्या मनाचे खेळ म्हणावेत, तर शेंड्या? टेलिपॅथी म्हणावी, तर आईने केलेल्या तीन डझनांतले मोदक गेले कुठे? मी खाल्ले नव्हते, देवाशप्पथ. मला आजही याचा उलगडा नाही. कुणाला सुचला तर जरूर लिहा.

मी तेलावीला परत आले. आता हिवाळा लागलाय. आईचा फोन येतो, माझी दोन वाक्यांत बोळवण होते आणि ती म्हणते, "दे तिले." मग दोघी आपापल्या भाषेत अर्धा-अर्धा तास बोलतात, खिदळतात, मध्येच दोघींचाही आवाज खाली जातो. काय म्हणाली, असं मनानाला विचारलं की हात झटकते — तुझ्या कामाचं नाही. आईला विचारलं तर तीही तेच म्हणते.