टिकलेला ओटा

आमच्या घरासमोरचा ओटा बघायला अजूनही माणसं येतात. शेवगावच्या बाजारातून परतताना कुणीतरी गाडी थांबवतो, वाकून पट्ट्यांवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "काका, रंगसुद्धा गेला नाही हो याचा." पूर्वी मी अशा माणसाला चहा पाजून ओट्याची सगळी हकिकत सांगायचो. आता "हो" म्हणतो आणि आत जातो. त्या हकिकतीतली एक गोष्ट मी नेहमी गाळत आलो. तिच्यापायी माझ्या बायकोला तिच्याच मुलीने अखेरपर्यंत हट्टी आणि आळशी समजलं. ती गोष्ट लिहून ठेवायची म्हणून हे लिहितो आहे.

माझी सगळी नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत झाली. एका कारखान्यात माल तपासायचं काम होतं. रबर, पत्रा, रंग, जे येईल ते भट्टीत तापवायचं, पाण्यात भिजवायचं, वाकवून बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं शेतातल्या घरात राहायला आलो. दारापुढे मातीचा ओटा होता. बायको तो शेणाने सारवायची. त्यावर तिची तुळस होती. उन्हाळ्यात तिथंच कुरडया-पापडांचं वाळवण पडायचं. धान्य निवडणं, शेजारणीशी गप्पा, दुपारचं आडवं होणं, सगळं तिथंच. ती घरात कमी आणि ओट्यावर जास्त असायची.

पण आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा ओटा दर पावसाळ्यात एका बाजूने खचायचा. तो लिंपायचा, सारवायचा, पुन्हा खचायचा. त्यात बायकोचे गुडघे धरले. वाकून सारवणं होईना. उंबऱ्यावरून ओट्यावर उतरायची एक पायरीही तिला जड जायला लागली.

"कोबा करून टाका अन् मोकळे व्हा," ती म्हणाली.

"काळ्या रानावर कोबा तडकतो. थांब जरा, कायमचं काहीतरी करतो."

आमच्याकडची हवा कुठल्याही वस्तूची परीक्षा घेणारी आहे. वैशाखात ऊन भाजून काढतं, पौषातल्या पहाटे हौदातलं पाणी बोटांना चावतं, आणि महिनोन् महिने तोंड न दाखवलेला पाऊस एखाद्या दुपारी गारा घेऊन येतो. मी जुन्या सवयीने तपासणीच मांडली. सागवान, बाभूळ, कडुनिंब यांचे तुकडे आणले. शहाबादी फरशी आणली. नगरच्या एका दुकानातून लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेल्या पट्ट्या मिळाल्या, त्याही आणल्या. काही तुकडे जनावरांच्या हौदात बुडवले, काही वारुळाशेजारी पुरले, काही घराच्या पत्र्यावर उन्हात टाकले. मी रोज सकाळी ते बघत फिरायचो.

"निकाल कधी हाय तुमच्या फळकुटांचा?" बायको विचारायची. "का समद्यांना वर ढकलनार हाय?"

बाभळीतून भुंग्याने पाडलेलं पीठ गळायला लागलं. कडुनिंब पिळवटला. सागवान टिकला, पण त्याची टोकं उलली आणि रंग राखेसारखा झाला. फरशीला जमिनीचा भरवसा नव्हता. प्लास्टिकच्या पट्ट्या मात्र जशा आणल्या तशाच निघाल्या. दुकानदाराने फिकट रंगही दाखवला होता. मी काळपट, शिसवी रंग घेतला, कारण त्यावर चिखल दिसत नाही. खाली लोखंडी सांगाडा उभा केला, म्हणजे जमीन फुगली-खचली तरी वर धक्का लागणार नाही. ओट्याची उंची उंबऱ्याबरोबर आणली, पायरीच राहिली नाही. मधोमध तुळशीवृंदावन बसवलं.

पहिल्या पावसाळ्यात ओट्यावर पाण्याचा थेंब राहिला नाही. हिवाळ्यात बायको कोवळ्या उन्हात पाय पसरून बसायची. "झ्याक झालंय," तिने शेजारणीला सांगितलेलं मी आतून ऐकलं. गावातली माणसं बघायला येऊ लागली आणि मी प्रत्येकाला वारूळ, हौद, पत्रा हे सगळं रंगवून सांगू लागलो.

फाल्गुन संपता संपता ती कुरडया घालायला बाहेर गेली आणि पावलं उचलत उचलत परत आली.

"आवो, पाय भाजत्यात."

"मग चपला घाल की."

"तुळशीम्होरं? वाळवनात चपला घालून फिरू व्हय मी?"

आमच्याकडे ओट्यावर कुणी चपला घालून चढत नाही. चपला खाली सुटतात. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण कारखान्यात आमच्या पायांत बूट असायचे, आणि ते तुकडे तपासत फिरताना माझ्या पायांत चपला होत्या. तापून पट्टी वाकते का, फाटते का, हे मी पाहिलं. तापलेल्या पट्टीवर अनवाणी उभं राहता येतं का, हे पाहिलं नाही.

चैत्र-वैशाखात तो ओटा सकाळी जेवणवेळेच्या आधीच तापायचा आणि दिवेलागणीनंतरही बराच वेळ पाय टेकू द्यायचा नाही. मी पाणी मारलं, ते वाफ होऊन गेलं. गोणपाट अंथरलं, ते वाऱ्याने उडालं. एका संध्याकाळी शेजारीण अंगणातूनच ओरडली, "भावजी, आज चूल पेटवली न्हाई मी. पीठ आनू का मळून? तुमच्या ओट्यावर भाकरी निघंल."

"निघंल की," मी म्हणालो. "पन आदी गोल करायला शिका."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. तेवढ्यावर तो विषय मी हसण्यावारी नेला.

गप्पांची बैठक शेजारणीच्या लिंबाखाली गेली. बायकोला तिथवर चालवत नव्हतं. एकदा तिने मला म्हटलं, "तुळशीपासून दारापर्यंतच्या फळ्या काढा. तितं माती टाका. मी बसून सारवीन, जमंल तसं."

"एवढं चांगलं काम उकरायचं? लोक काय म्हणतील?"

तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मी गाळत असे ती गोष्ट हीच. तिने उपाय सांगितला होता आणि मी तो केला नाही.

मग ती आत, पलंगावर बसायला लागली. पहाटे ओटा गार असताना तुळशीला पाणी घालायची आणि आत यायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. आमची मुलगी पुण्याला असते. ती रोज फोनवर विचारायची, "अण्णा, आई चालते का?"

"कुठली चालतेय. एवढा दारात ओटा करून दिला, पाऊल टाकत नाही बाहेर. तिचा हट्ट तुला माहीत आहे."

हे मी बायकोला ऐकू जाईल एवढ्या अंतरावर बसून म्हणायचो.  मग ती फोन हातात घेऊन मुलीला म्हणायची, "चालंन गं उद्यापासनं."

मुलगी यायची ती दिवाळीत. तेव्हा ओटा गार असतो, पण उन्हाळाभर आत बसून आखडलेले बायकोचे गुडघे तोवर सुटलेले नसत. एका दिवाळीत ती दुपारभर त्यावर आरामात बसली आणि आईवर चिडली. "आई, लोक असा ओटा मिळावा म्हणून धडपडतात. तू मात्र आत पडून टीव्ही बघतेस. गुडघे गेले म्हणून रडायचं आणि स्वतः काही करायचं नाही. आळस आहे हा, दुसरं काही नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. मी काय सांगतो याची ती वाट बघत होती. "मोटार बंद करायची राहिली" असं म्हणून मी विहिरीकडे गेलो. मोटार बंदच होती.

पुढे ती अंथरुणाला खिळली आणि एका हिवाळ्यात गेली. डॉक्टर हृदयाचं म्हणाले. ओट्याने तिला मारलं असं मी म्हणणार नाही. पण दहाव्याला आलेले पाहुणे आपसांत म्हणत होते, "शेवटी शेवटी हालचालच सोडली होती तिनं." आणि मी मान हलवत होतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मुलीचा फोन आला. ती काळजीने म्हणाली, "अण्णा, तुम्ही तरी रोज फिरत जा. आईसारखं करू नका."  "वैशाखात ये," एवढंच म्हणालो.

ती आली. भर दुपारी मी तिला दारात नेलं आणि म्हटलं, "चप्पल काढ आणि तुळशीपर्यंत जाऊन ये."

"अण्णा, आत्ता?"

"आत्ताच."

ती गेली. अर्ध्यातून पळत परत आली आणि उंबऱ्यावर बसून तळवे चोळू लागली. मग मी तिला सगळं सांगितलं. आईने फळ्या काढायला सांगितल्या होत्या तेही, आणि विहिरीवरच्या मोटारीचंही.

मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल. तिने फक्त विचारलं, "तिनं मला का नाही सांगितलं?"

"मला खोटं पाडायचं नव्हतं तिला."

तळव्यांवरचे हात काढून ती म्हणाली, "मी तिला आळशी म्हणाले, अण्णा. तिच्या तोंडावर." आणि उठून आत गेली.

आईचं नाव धुऊन निघेल एवढाच विचार करून मी बोललो होतो. मुलीच्या पदरात काय टाकतो आहे, हे मला तेव्हा कळलं. आता ती फोनवर पाण्याचं विचारते, कांद्याचं विचारते. आईचा विषय काढत नाही. मला फिरायला जा म्हणत नाही.

म्हणून हे तिच्यासाठी आणि आपल्या सगळ्या नातेवाइकांसाठी लिहिलं. तुझी आई आळशी नव्हती. आणि पोरी, तू तिला जे बोललीस ते बापाच्या शब्दावर विश्वास ठेवून बोललीस. ते शब्द माझे होते.