मामाजींची बढती

माझे सासरे वारले आणि बाराव्या दिवशी ब्रिगेडियर झाले. हयातीत ते सिहोऱ्याला भांड्यांचं दुकान चालवत.

ही बढती त्यांना सरकारनं दिली नाही. मी दिली. (मला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. पण घरात कुणी काही ठरवायच्या आत आपण करून मोकळं व्हायचं, हा माझा स्वभाव. मी याला हुशारी म्हणते. आमचे हे दुसरा शब्द वापरतात, तो इथे लिहिण्यासारखा नाही.)

आता मामाजींबद्दल सांगते, म्हणजे माझा पराक्रम किती मोठा ते कळेल. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. आमच्या मामाजींच्या दुकानात जुनं फुटकं पितळ देऊन नवं भांडं घ्यायला लोक येत. त्या जुन्या पितळेला मोड म्हणायचं. मोड तोलताना मामाजींचं लक्ष काट्यावर कमी आणि ढिगात जास्त. कारण एकदा त्यांना एका चेपलेल्या घागरीच्या पोटात फौजी टोपीवरचा बिल्ला सापडला होता. तेव्हापासून त्यांना तो नादच लागला! टोपीचे बिल्ले, खांद्यावरचे तारे, गणवेशाची बटणं, पट्ट्यांची बकलं. कपाटाच्या खणात कापूस अंथरून एकेक बिल्ला असा ठेवलेला, की माझं बाळंतपण झालं तेव्हा घरात कापूस शोधावा लागला.

बरं, गोळा करून गप्प बसावं ना! नाही. कोण कुठला माणूस फोन करायचा, 'आजोबांच्या पेटीत हे सापडलं, काय आहे?' मामाजींसमोर ताट वाढलेलं, वरणावर साय धरलेली, आणि ते फोनवर ओरडत असायचे, "मागून फोटो पाठवा जी, मागून! समोरून तं सगळेच चमकते!" मग बिल्ल्याची कडी कशी आहे, पिन कशी आहे, कुठल्या पलटणीचा, कुठल्या काळाचा, हे सगळं सांगून त्या माणसाचा आजोबा लढाईवरून घरी आणून सोडल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. नागपूर, जबलपूर, कुठून कुठून लोक यायचे. त्यांना चहा, पोहे आणि व्याख्यान. मामाजींकडे एकासारखे दोन बिल्ले असले, की दुसरा पाहुण्याच्या खिशात गेलाच म्हणून समजा.

"दुनिया जमा करते, अन् हे वाटून राहिले!" आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

मलाही शिकवायची त्यांनी पराकाष्ठा केली. मी पोळ्या लाटत असले, की ओट्यापाशी येऊन उभे. "सूनबाई, हे पाहा. आता सांगा, हे कप्तान का मेजर?" मी म्हणायची, "हो मामाजी." ते हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. रागावणं त्यांना जमायचंच नाही. माझ्यासारख्या सुनेवर न रागावणारा सासरा पंचक्रोशीत दुसरा नसेल.

एकाच बाबतीत मात्र ते कडक होते. तरुणपणी ते फौजेच्या भरतीला गेले होते. छाती कमी भरली म्हणून परत आले आणि वडिलांच्या गल्ल्यावर बसले. पुढे बिल्ल्यांनी कपाट भरलं, पण एकही बिल्ला त्यांनी कधी गंमत म्हणूनही अंगाला लावला नाही. कुणी लावून बघायला गेलं, की हळूच काढून घ्यायचे. "हातात घ्या, जी भरून पाहा. पण अंगावर नोको. अंगावर घ्याले तो कमवा लागते."

हे वाक्य मी पोळ्या लाटताना कितीदा तरी ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं होतं.

यंदा थंडीत मामाजी झोपेतच गेले. घर एकदम मुकं झालं. त्यांचा फोन मात्र वाजतच राहिला. कुणी बिल्ल्याचा फोटो पाठवायचं, आणि 'ते आता नाहीत' हे सांगायला आमचे हे फोन माझ्या हातात द्यायचे. ज्यांनी मामाजींकडून शिकून घेतलं होतं असे काही निवृत्त फौजी तेराव्या दिवसाच्या तेरवीला येतो म्हणाले. मी म्हटलं, एवढे लोक येणार, तर चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाहिजे! (आमच्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस गेला असं कुणी मानतच नाही.) मी तडक तुमसरला फ्लेक्स छापणाऱ्या गुड्डूच्या दुकानात गेले.

अडचण अशी, की मामाजींच्या फोनमध्ये फोटोच फोटो होते, पण सगळे बिल्ल्यांचे. माणूस म्हणून फक्त त्यांचा तळहात. चेहऱ्याचा एकच फोटो सापडला, तोही बंडीतला.

"वहिनी, बंडी बराबर नाही दिसत जी," गुड्डू म्हणाला.

"दुसरा फोटोच नाही ना रे!"

"टेन्शन नोको घेऊ. बॉडी बदलवून टाकतो. बाबूजीचं डोकं, बॉडी आपली. कोटवाली देऊ का जॅकेटवाली? फेटावाली बी हाये, पण ते नेते लोकायले जास्त शोभते."

आणि तिथे माझ्या हुशारीनं उचल खाल्ली. "फौजी बॉडी आहे का रे? त्यांना फौजेची फार आवड होती!"

"आहे ना जी! एक नंबर आहे!"

गुड्डू मनाचा मोठा. त्यानं काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात हिरवा गणवेश, खांद्यावर सिंह आणि तारे, बाहीवर पट्ट्या, छातीवर पंख, पंखांखाली पदकांची रांग. "जेवढं होतं तेवढं सगळं टाकलं, वहिनी. आपल्याच घरचं काम हाये!" मला त्यातलं काहीएक कळलं नाही. मला एवढंच दिसलं, की मामाजी पहिल्यांदाच धड कपड्यांत आहेत. माझे डोळे भरून आले.

तेरवीच्या आदल्या दिवशी दुपारी फ्लेक्स बसस्टँडच्या चौकात लागला आणि चहाच्या टपरीवर खळबळ माजली.

"भांडेवाले फौजेत होते?"

"म्या तं लहानपणापासून ओळखतो त्यायले. फौजेत गेले कवा?"

"अरे, सीक्रेट असन! दुकान तं दाखवाले होतं. मोडीत काय काय येत होतं, तुले काय मालूम?"

संध्याकाळपर्यंत मामाजी सीमेपलीकडे दोनदा जाऊन आले होते. पितळी घागरीतून ते काय काय पाठवत, हेही लोकांना माहीत झालं होतं. आमच्या वॉर्डाचे पुढारी (त्यांना सगळे भाऊ म्हणतात) घरी येऊन आमच्या ह्यांना म्हणाले, "एवढा मोठा माणूस, अन् आमाले सांगतलं नाही तुमी! उद्या सकाळी चौकात अभिवादन. मंडप माह्याकडून, माईक माह्याकडून." ह्यांनी त्यांना चहा दिला.

रात्रभर मी स्वतःवर खूश होते. सकाळी शेजारणीनं मोबाईलवर आत्याबाईंना फ्लेक्स दाखवला.

"मंदे!"

लग्न होऊन आल्यापासून मला मंदे अशी हाक कधी आली नव्हती. धावत गेले. आत्याबाईंनी मोबाईल माझ्या नाकाशी धरला.

"हे काय करून ठेवलं व तू? खांद्यावर सिंह अन् तीन तारे, ब्रिगेडियर! बाहीवर हवालदाराच्या पट्ट्या! टोपी जहाजावरची! पंख इमानवाल्याचे!"

"आत्याबाई, तुम्हाला कसं काय..."

"जल्मभर तांदूळ निवडता निवडता आयकलं म्या! तू काय करत होती? एक बिल्ला अंगाले लावला नाही त्या माणसानं. न कमावलेलं लावणं म्हंजे चोरी, म्हणत होते. अन् मेल्यावर तू त्यायले चोर केलं व! आता ते खरे फौजी येतीन. ते काय म्हणतीन?"

आणि त्या रडायला लागल्या. तेरा दिवसांत लोकांसमोर न रडलेली बाई माझ्या फ्लेक्सपायी रडली. मी मामाजींचीच शाल उचलली, पिनांचं पाकीट घेतलं, आमच्या ह्यांना गाडीवर बसवलं आणि चौक गाठला.

"मी आधीच म्हणलो होतो," हे वाटेत म्हणाले.

"कधी? काही म्हटलं नव्हतं तुम्ही!"

"मनात म्हणलो होतो."

चौकात मंडप, खुर्च्या, हार, आणि माईकपाशी भाऊ. मी म्हटलं, "भाऊ, फ्लेक्स उतरवायचा आहे. चूक झाली."

"उतरवाचा?" भाऊ दचकले. "फौजी माणसाचा फ्लेक्स? वहिनी, हा फौजेचा अपमान होईन! मी उतरवू देत नाही!"

मग शालच उरली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढले. खुर्ची ह्यांनी धरलेली. फोटोतल्या गळ्यापाशी शाल टाचून मामाजींना तिथून खाली झाकायचं, म्हणजे उरेल तो चेहरा आणि टोपी, अशी योजना. भाऊंना वाटलं मी सत्कार करतेय. त्यांनी माईकवरून पुकारलं, "आता सूनबाई आपल्या वीर सासऱ्यांले शाल पांघरवून राहिल्या! टाळ्या!" टाळ्या वाजल्या. पहिली पिन टोचली. दुसरी माझ्या बोटात गेली. तेवढ्यात चौकात जीप थांबली आणि तिच्यातून तीन म्हातारे, ताठ पाठीचे, कडक इस्त्रीचे फौजी उतरले.

शाल सटकली ती थेट आमच्या ह्यांच्या डोक्यावर. ह्यांना दिसेना, म्हणून त्यांनी खुर्ची सोडली. मी फ्लेक्सच्या बांबूला लोंबकळले. वर ब्रिगेडियर मामाजी, खाली मी, आणि माझ्या तोंडापुढे भाऊंनी धरलेला माईक. "वहिनी, दोन शब्द!"

पळायला जागा नव्हती. मी बांबू न सोडताच बोलले. "मामाजी फौजेत नव्हते! भरतीत त्यांची छाती भरली नव्हती. त्यांनी फक्त दुसऱ्यांचे बिल्ले सांभाळले आणि जो येईल त्याला शिकवलं. स्वतः एकही लावला नाही. हे सगळं मी लावलं. त्यांना चोर समजू नका. अक्कल माझी गेली!"

भाऊंनी माईक मागे घेतला आणि दोन पावलं बाजूला सरकले. तिघांतले थोरले, नाकाडोंगरीकडचे एक निवृत्त सुभेदार, पुढे आले. चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला, फ्लेक्सवरचा गणवेश खालपासून वरपर्यंत निरखला.

"आमाले माहीत आहे, बाई," ते म्हणाले. "त्यायनंच सांगतलं होतं, छातीचं. हासून सांगे." मग सोबत्यांकडे वळले. "चला, पाहा बरं. टोपी?"

"नौदल!" एक म्हणाला.

"खांदा?"

"ब्रिगेडियर!"

"बाही?"

"हवालदार! अन् पंख वैमानिकाचे!"

"भांडेवाल्यानं तिन्ही दलं एकट्यानं सांभाळली बाप्पा!" आणि तिघंही हसायला लागले. मामाजी शिकवताना हसायचे ना, तसंच, कुणाला कमी न लेखता. टपरीवरचे लोक जवळ आले, विचारायला लागले, हे काय, ते काय. सुभेदार एकेक समजावून सांगू लागले. बघता बघता चौकात मामाजींचा वर्गच भरला. एवढ्यात शेजारणीचा हात धरून आत्याबाईही येऊन पोचल्या. मी त्यांच्याकडे बघायची हिंमत केली नाही.

"पण एक गोष्ट बराबर आहे," सुभेदार एकदम म्हणाले. आवाज बदलला होता. "मेडल पाहा. फौजी आपलं मेडल डाव्या छातीवर लावते. हे उजवीकडे आहेत. उजवीकडे कवा लावते? मेडल आपलं नसते तवा. घरचा माणूस गेला, तं त्याची बायको, त्याचा पोरगा, त्याच्या आठवणीत उजवीकडे लावते." त्यांनी चष्मा काढला. "माह्या बाबाचं मेडल आईनं मोडीत देऊन टाकलं होतं जी. तिले काय समजे? ह्या माणसानं काठावरचं नाव वाचलं, गावोगाव विचारत आमचं घर काढलं, अन् हातात आणून देल्लं. दुसऱ्यायचे मेडल सांभाळणारा माणूस हा. उजवीकडेच पाहिजेत त्याचे."

आणि त्यांनी टाच जुळवून फ्लेक्सला सलाम ठोकला. दोघा सोबत्यांनीही. आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी बांबूवरून केव्हा उतरले मला कळलं नाही. मी तर हमसून रडत होते.

"एवढा विचार कोणी केला?" सुभेदारांनी विचारलं.

सगळा चौक माझ्याकडे बघायला लागला. आत्याबाईसुद्धा, आणि तेही मायेनं! मी डोळे पुसले, मान खाली घातली, पदर सारखा केला आणि हळूच म्हटलं, "सुचलं आपलं."

"वा, बाई!" सुभेदार भारावून पुढे वाकले आणि त्यांची नजर फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं 'शोकाकुल', आणि त्याखाली भाचीच्या लग्नातल्या बनारसी शालूत, गजरा माळून, बत्तीस दात दाखवत मी! तो फोटो त्या कोपऱ्यात बसेना, मामाजींचा कोपर मध्ये यायचा. म्हणून गुड्डूनं मला हलवण्याऐवजी मामाजींनाच, पदकांसकट, आरशात दिसतं तसं डावं-उजवं उलटं करून टाकलं होतं.