गच्चीची चावी

"पाणी हाय तर माणूस हाय," असं म्हणत आमचे चेअरमन कमरेची चावी थोपटायचे. चावी गच्चीची. गच्चीवर पाण्याची टाकी, आणि टँकरच्या त्या दिवसांत टाकी म्हणजे तिजोरीच. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल, बघा. मला तो माणूस कधीच आवडला नाही.

पडेगावात तेव्हा जिकडे तिकडे इमारती उठत होत्या. आमच्या तळमजल्याला तिन्ही बाजूंनी भिंती, समोर बांधकाम. भर दुपारी दिवा लावावा लागे.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. तपासणीत 'ड' जीवनसत्त्व फारच कमी निघालं. दिलेलं औषध पोटात टिकेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग रोज ऊन तरी घ्या. बाळाच्या हाडांना ते तुमच्याकडूनच मिळतं." लेक दारात खुर्ची टाकून बसली, तर समोरच्या परांचीवरचे मिस्त्री काम सोडून बघत राहिले. ती आत आली, ती पुन्हा बाहेर बसली नाही.

मी चावी मागायला गेले.

"गच्ची बंद म्हंजे बंद. एकीला उघडली की चौघी बादल्या घेऊन येत्यात."

"पोटुशी बाई बादली उचलते का?"

"आमच्या आईनं कन्नडला आठ लेकरं वाढवली. कुठं होतं तुमचं जीवनसत्त्व?"

"तुमची आई दिवसभर रानात, उन्हात होती, चेअरमन!"

"लई बोलता बाई तुम्ही." दार लागलं.

लहानपणी एका हंड्यासाठी आईला विहिरीवर मार खाताना पाहिलंय त्यांनी, असं त्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. वाईट वाटलं. राग तसाच राहिला.

नातू झाला. दात उशिरा आले, चालणं उशिरा, पाय गुडघ्यापासून वाकलेले. "ऊन मिळालं नाही त्यामुळंच झालं असं म्हणता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना येत नसेल, मला येतं.

नातू चार वर्षांचा होता, आजोळी आलेला, तेव्हा चेअरमन गेले. जागा नाही म्हणून शोकसभा गच्चीवरच ठेवली. नातवाचे पाय औषधानं सुधारत होते, तरी तो दर मजल्यावर टेकत होता. त्याला धरून मी वर नेलं. सगळे त्यांच्या पाण्याच्या राखणीचं कौतुक करत होते. नातू उन्हात फतकल मारून बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "आजी, इथं किती छान हाय! आपण आधी का नाय आलो?"

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी त्याला सगळ्यांदेखत खरं कारण सांगितलं.