पुराचं लाकूड

त्या श्रावणात माझा देवावरचा विश्वास उडाल्यातच जमा होता. अर्धांगवायूने यांचा उजवा हात गेला, जीभ जड झाली आणि त्याहून वाईट म्हणजे जगण्याची इच्छाच गेली. आयुष्यभर रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम केलेला माणूस तारनाक्याच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून राही. दोन घास भरवायला गेले की ओठ मिटून घेत. डॉक्टर म्हणाले, आता यांनीच मनावर घ्यायला हवं. मी देवाशी रोज भांडायची.

माझं माहेर गोदाकाठचं. संकटात नदीची ओटी भरावी, ही आईची शिकवण. इथे गोदा कुठून आणू? तलावांचे दरवाजे उघडले आणि एरवी नाक दाबून ओलांडायची ती शहरातली मुसी नदी दुथडी भरून वाहू लागली, तेव्हा म्हटलं, हीच माझी गोदा. खणात नारळ-तांदूळ बांधून कोठी भागाजवळच्या पुलाशी गेले आणि ‘यांना बरं कर’ म्हणून ओटी सोडली. ती जेमतेम पुढे गेली, एका तरंगत्या ओंडक्याच्या फाट्यात अडकली आणि गिरकी घेऊन ओंडक्यासकट पुन्हा काठाला लागली. नदीनेही नाकारलं! मला रडू आवरेना.

चुलीसाठी वाहून आलेली लाकडं वेचणारी एक बाई जवळ आली. “नक्को रो अम्मा. नदी दी सो चीज वापस नै करते. लेके जाव.” नदीने दिलेलं परत करू नये, म्हणे. तिला तो ओंडका स्वतःच्या भाऱ्यात घालता आला असता. तिने तो उचलून माझ्या ऑटोत ठेवला.

कुठल्या चितेवरचं लाकूड असेल कोण जाणे, म्हणून मी तो दाराशीच ठेवला. वाळल्यावर त्याचा वास आत येऊ लागला. एका सकाळी यांनी मान वळवली. “साग,” म्हणाले. मी भीती गुंडाळून ठेवली आणि ओंडका पलंगावर आणला. डाव्या हाताने चाचपून यांनी पॉलिश पेपर मागितला. पण एका हाताने घासायचं तर लाकूड धरायला कुणीतरी हवं.

“धर गं,” म्हणाले.

त्या दिवशी वाटीभर पेज प्यायले. याचं काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, “काही नाही.”

उजवा हात आला नाही तो नाहीच. माघात हे गेले. मी मागितलं ते मिळालं नाही, आणि त्याचं दुःख अजून आहे. पण तोवर रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसलो. मी धरायची, हे घासायचे. एवढं मागायचं मला सुचलंच नसतं. आता देवापुढे हात जोडते, पण काय दे ते सांगत नाही.