टेबलाखाली वाजणारं गाणं

तुम्ही खुर्चीत नीट बसायच्या आत ते तुमच्यासमोरचा माउस काढून घ्यायचे आणि खणात टाकायचे. "दहा बोटं दिलीत देवानं. वापरा की." असा एखादा माणूस तुमच्याही कॉलेजात असेल. आम्ही त्यांना सर म्हणायचो, पण ते सर नव्हते. कंत्राटी लॅब सहायक होते.

मी बिडकीनहून बसनं यायचो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्या दिवशी मी माउस उलटा धरला, तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बघा, बिडकीनचे शास्त्रज्ञ." वर्षभर ते नाव मला चिकटलं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे केलं त्यात याचाही वाटा होता. सगळा नाही.

त्यांच्याकडं लिनक्सचा एक जुनाट संगणक होता आणि त्यावर नुसत्या अक्षरांचा प्लेअर. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर गाण्यांची यादी, बाणानं खाली-वर जायचं आणि एंटर मारायचा. दुपारी त्यावर कव्वाली लागायची. "तुमचा रंगीत प्लेअर निम्मी मेमरी खातो. याला चिमूटभर लागती," असं सांगताना त्यांचा चेहरा एकदम मऊ व्हायचा.

मला कमांड लवकर जमू लागल्या, तसा त्यांनी मला एकट्याला पासवर्ड दिला. माझ्या जागेवरून त्यांच्या मशीनमध्ये शिरता यायचं. "ध्यानात ठेव. छोटा क्यू दाबला तर नुसती यादी जाती, गाणं मागं चालूच राहतं. गाणं बंद करायचं तर मोठा क्यू." एकदा असंच शिकवता शिकवता म्हणाले, दौलताबादच्या एका मुलीकडचे थांबलेत, नोकरी कायम झाली की हळद. सरांचं वय तेव्हा एकोणचाळीस. तपासणी समिती येऊन गेली की बघू, असं प्राचार्यांनी त्यांना सांगितलं होतं.

हे मी मित्रांना सांगितलं. का सांगितलं, मला अजून नीट कळत नाही. मुलं हसली, ते बरं वाटलं असेल.

समितीला ते जुनं खोकं दिसू नये म्हणून प्राचार्यांनी त्याचा पडदा आणि कीबोर्ड काढायला लावला आणि ते टेबलाखाली ढकललं. चालू मात्र ठेवलं, कारण सगळ्यांच्या फायली त्यावरच होत्या. भिंतीवरच्या स्पीकरची वायरही त्यालाच. समिती यायच्या दिवशी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे होते.

"लाव ना बे सरांची हळद," शेजारचा म्हणाला. "दहाच सेकंद."

पोरांनी फायलींत टाकून ठेवलेलं हळदीचं गाणं मी माझ्या जागेवरून लावलं. हळदीतला डीजे भिंतीतून फुटला आणि त्याच क्षणी समिती आत आली. प्राचार्य माझ्या रांगेकडं वळले. घाबरून मी छोटा क्यू दाबला. यादी गेली, गाणं राहिलं. परत शिरून बंद करता आलं असतं, पण प्राचार्य माझ्या पाठीशी उभे होते. मी वहीत बघत राहिलो.

सर टेबलाखाली रांगत गेले. बाहेर नुसते पाय दिसत होते. पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. वायर उपटून ते बाहेर आले तेव्हा शर्टावर जळमटं होती.

"उरकलं का लग्न?" प्राचार्यांनी विचारलं. समितीही हसली. "कुणी लावलं हे?"

पासवर्ड आम्हा दोघांकडंच होता. सरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं.

"माझंच होतं, सर. चुकून चालू राहिलं."

मी वहीचं पान उलटलं. महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. दौलताबादचंही मोडलं, असं शिपाईमामांनी सांगितलं.

गेल्या महिन्यात प्रोजेक्टच्या प्रती काढायला औरंगपुऱ्यात गेलो, तर झेरॉक्सच्या मशीनमागं ते उभे होते. किती दिवस मनात घोकलेलं वाक्य मी सुरू केलं. "सर, त्या दिवशी मी..."

"एका बाजूनं का दोन्ही?"

"सर, चूक माझी होती."

"बाइंडिंग करायचं का, भाऊ?"

मी मान हलवली. त्यांनी कागद टेबलावर ठोकून एकसारखे केले, बांधले, माझ्या हातात दिले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "सरका जरा. मागं लोक थांबलेत."