पुजाऱ्याची चिठ्ठी

“दोघं चिठ्ठ्या बदला,” सर म्हणाले. “तिच्याकडून ते जास्त खरं वाटेल.”

इंग्रजीत म्हणाले. भरवर्गात. बारावीचा वर्ग, बंगळुरातली, देवनहळ्ळी रस्त्यावरची काचेची शाळा. विषय: तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि धर्मविचार.

या विषयाची दरवर्षी एक सभा भरते. सर डबा फिरवतात, आपण चिठ्ठी उचलायची आणि जो माणूस येईल त्याच्या बाजूनं बोलायचं. नियम सरांनीच फळ्यावर लिहिला होता. जन्म निवडता येत नाही, म्हणून चिठ्ठीही बदलता येणार नाही. यंदाचा प्रश्न होता, देवळाच्या गाभाऱ्यात कोण जाणार हे कुणी ठरवायचं. मला पुजारी आला. ईशानला गटार साफ करणारा.

ईशान पुण्याचा. त्यानं चिठ्ठी दोन बोटांत धरली. “सर, मी याच्याशी रिलेटच करू शकत नाही.” वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडेच का? जूनमध्ये ओळख करून देताना मी सांगितलं होतं, आम्ही नागपूरचे बौद्ध. सरांचा चेहरा उजळला. म्हणाले, आपल्या वर्गाला जिवंत उदाहरण मिळालं. तेव्हापासून कर्मसिद्धांत आला की माना माझ्याकडे वळायच्या. समता आली की पुन्हा माझ्याकडे. मी अद्वैतावर जीव तोडून निबंध लिहिला, तर खाली शेरा आला, ‘छान. पण यात तू कुठे आहेस?’ ईशानला कधी कुणी विचारलं नाही, तो कुठे आहे.

माझे बाबा व्हाइटफील्डला सॉफ्टवेअर तपासतात. गटार मीही ईशानइतकंच पाहिलंय. सोसायटीच्या गेटवरून, नाक दाबून. हो, मीही दाबलंय. माझ्या आजोबांना गावात काय काय सोसावं लागलं ते मला ठाऊक आहे. पण ते वर्गात सांगून मार्क मिळवायला नाही.

मी चिठ्ठी मुठीत आवळली. सर बाकापाशी आले. त्यांचं घराणं मराठी, पण कैक पिढ्या इथलंच. मला समजवायचं झालं की त्यांच्या कन्नडमिश्रित मराठीत यायचे.

“हे बघ अक्का, नुसती एक्सरसाइज आहे ही. स्वल्प ॲडजस्ट कर की.”

“बदलता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय सर.”

“सरी, सरी, बरोबर आहे. पण तुला ते आतून येईल. त्याला कुठून येणार?”

आतून! माझे कान तापले. वर्षभर मी समजत होते, सरांना माझी हुशारी आवडते. त्यांना माझी जखम आवडत होती. आणि मी मूर्ख, त्या कौतुकावर खूश होते.

“मी बदलणार नाही.”

सरांचा आवाज थंड झाला. “सोमवारी सभा आहे. इंटर्नल मार्क्स आहेत, लक्षात ठेव.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हा माणूस आम्हाला नीती शिकवत होता.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “कायले अडून बसतं, बाई? मार्क त्याच्या हाती हायेत. घे ते चिठ्ठी, रडून दाखव दोन मिनिटं अन् मोकळी हो.”

बाबा वाईट नाहीत. ऑफिसात ते नुसते ‘नागपूरचे’ आहेत. कुणी आडनावाचा विषय काढला की चहा आणायला उठतात. मला त्यांची लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. ही सवय त्यांना कुणी लावली?

सोमवारी मी माझीच चिठ्ठी घेऊन उभी राहिले. सर काही बोलायच्या आत सुरू केलं.

“मी पुजारी आहे. गाभाऱ्याची किल्ली माझ्याकडे आहे. ती मला कुणी दिली हे विचारायची हिंमत तुमच्यात नाही, म्हणूनच ती माझ्याकडे आहे. मी क्रूर नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं दुःख मी आवडीनं ऐकतो. त्याला बोलायला लावतो. डोळेही पुसतो. आत मात्र येऊ देत नाही.”

कुणी हसलं नाही. सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांना कळलं होतं.

ईशाननं गटार साफ करणाऱ्याच्या नावानं इंटरनेटवरचा एक उतारा वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. त्याला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क, मला सगळ्यांत कमी. माझ्यापुढे शेरा होता, ‘विचार आहे, अनुभव नाही.’

बाबा म्हणतात, आता तरी कॉम्प्युटरकडे वळ. नाही वळणार. पुढेही तत्त्वज्ञानच घेतेय. ते यांच्या हाती सोडून मी निघून जाणार नाही.

आणि आजोबांची गोष्ट मी कुणालाही फुकट ऐकवणार नाही. ज्याला ती हवी असेल, त्यानं आधी आपल्या आजोबांची सांगावी. त्यांच्या हाती काय होतं, त्यांनी दार कुणाच्या तोंडावर लावलं, सगळं सांगावं. मी विचारत राहणार. भरवर्गात, नाव घेऊन.