ऑफिसचा फोन, ट्युशनची पोरगी

मंडळी, आज डोकं जाग्यावर नाही.

राजापेठेत मोबाईलच्या दुकानात मी सेल्समन आहे. आमच्याकडे एक फोन आहे, मुळात साहेबलोकांसाठी बनवलेला. त्यात ऑफिसच्या कामाचा वेगळा कप्पा असतो, वेगळ्या पासवर्डनं उघडणारा. साहेबलोक काही तो घेऊन नाही राहिले. म्हणून कंपनी म्हणते, कॉलेजच्या पोरापोरींना विका. काय सांगून? "या कप्प्यातलं घरच्यांना दिसत नाही."

दुपारी बार्शीटाकळीचे एक काका पोरीला घेऊन आले. ती इथे ट्युशनसाठी राहते. काका कव्हर पाहत होते, तेवढ्यात मी तिला कप्पा दाखवला. मग तिला दुसरा फोनच नको.

काकांनी विचारलं, "भाऊ, पोरीले ऑफिसचा फोन कायले?"

"अभ्यासासाठी, काका."

काका खूश. पोरीला म्हणाले, "पहिला फोन तुह्या मायले लाव."

संध्याकाळी घरी आलो, तर माझी दहावीतली पोरगी दारातच उभी. "बाबा, तुमच्या दुकानातला तो ऑफिसवाला फोन मले पायजे."

"तुले कायले?"

"अभ्यासाले."

तेव्हापासून अंगणात येरझाऱ्या घालून राहिलो. खोटं बोलू नको, हे तिला मी कोणत्या तोंडानं सांगू?